दोऱ्याचा भुंगा

क्रोशाच्या सुईने मी आजवर पुष्कळ काही विणलं. दाराची तोरणं, ताटावरची झाकणं, बाळांची टोपडी, चर्चमधल्या वेदीच्या कापडाची किनार. आमच्या भागात हे काम घरोघर चालत आलेलं आहे, आईकडून मुलीकडे, सासूकडून सुनेकडे. त्यातलं काहीही विणताना कुणाचे पाय मोजावे लागत नाहीत. भुंगा विणायला घेतला तेव्हा पहिलं काम तेच करावं लागलं.

राजोडी हे वसई तालुक्यातलं, समुद्राला लागून असलेलं गाव. शनिवार-रविवारी मुंबईहून येणारी मंडळी किनारा आणि सुरूची झाडं बघून परत जातात. आतल्या अंगाच्या वाड्यांकडे त्यांचं लक्ष जात नाही. दुधी, पडवळ, शिराळ्यांचे मांडव, वांग्या-मिरचीचे वाफे, केळी, मोगऱ्याच्या ओळी, कडेला एखादा सोनचाफा. शेजारच्या आगाशीची सुकेळी तर नावाजलेली. इथली फुलं आणि भाजी घेऊन बायका पहाटेच्या लोकलने मुंबईचे बाजार गाठत आल्या आहेत. या वाड्या आता किती उरल्या, ते वसईकराला सांगायला नको. शेजारच्या नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समिती उभी केली, इथल्या झाडांसाठी आणि विहिरींच्या पाण्यासाठी लोकांना रस्त्यावर आणलं. २०२४ साली ते गेले. वाडी गेली की विहिरीचं पाणीही जातं, हे त्या लढ्याने माझ्या पिढीच्या डोक्यात पक्कं बसवलं. पण वाडी शाबूत असतानाही तिच्यातून काहीतरी निघून जाऊ शकतं. ते काय, हे मला भुंग्यामुळे कळलं.

वांग्याचं फूल हातात घेऊन बघा. जांभळ्या पाकळ्यांच्या मधोमध पिवळे, लांबट परागकोश एकमेकांना लागून उभे असतात. बहुतेक फुलांत परागकोश उभा उकलतो आणि पराग मोकळे होतात. वांग्याच्या कोशाला टोकाशी फक्त बारीक भोक असतं आणि पराग आत कोंडलेले राहतात. भुंगा येतो, त्या कोशांना बिलगतो, जबड्याने पकड घेतो, पंख तसेच ठेवून उडण्याचे स्नायू तेवढे थरथरवतो. त्या क्षणी त्याचा आवाज बदलतो. उडतानाची गुणगुण थांबून एकदम वरच्या पट्टीतला झणझणाट ऐकू येतो, आणि मिठाच्या डबीतून मीठ पडावं तसे पराग त्याच्या पोटावर पडतात. टोमॅटोच्या फुलाचंही असंच आहे. सातेरी आणि आग्या या आपल्या मधमाश्यांना फूल असं हलवणं जमत नाही. वाऱ्याने हलूनही थोडं फळ धरतं हे खरं, पण भुंगा किंवा निळ्या पट्ट्यांची माशी येऊन गेली की धारणा सुधारते. युरोपात हरितगृहातल्या टोमॅटोसाठी शेतकरी बंबलबी नावाच्या गुबगुबीत माश्यांच्या पेट्या पैसे मोजून आणतात. आपल्या वाडीत हे काम करणारा कामगार न बोलावता येतो. त्याला आपण हाकलतो.

हाकलण्याचं कारण भीती. भुंगा आकाराने मोठा, रंगाने काळाकुट्ट, आवाज दणदणीत. शेजारचा सातवीतला मुलगा डास मारायच्या रॅकेटने भुंगे पाडायचा आणि इतर पोरं टाळ्या वाजवायची. त्याला रागावून काही होणार नव्हतं. मी त्याच्याकडून एक मेलेला भुंगा मागून घेतला, कागदावर ठेवला आणि त्याला विचारलं, "याला पाय किती, ते न बघता सांग." त्याने आठ सांगितले. दुसऱ्याने चार. ज्याला ही मुलं रोज मारत होती, त्याला त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. मग आम्ही सगळ्यांनी भिंगाखाली तो नीट पाहिला. त्याच भुंग्यावरून मी पहिला दोऱ्याचा भुंगा विणला.

बाजारात विणलेल्या माश्या आणि भुंगे मिळतात. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा गोल गोळा, दोन पंख, हसरं तोंड, गालावर गुलाबी टिकल्या. अशा भरीव खेळण्यांची जपानमध्ये मोठी परंपरा आहे, तिथे त्यांना अमिगुरुमी म्हणतात, आणि ती कला मला मनापासून आवडते. पण वाडीसाठी विणायचा भुंगा असा चालणार नाही, याबद्दल माझं मत ठाम आहे. हसऱ्या गोळ्यावर प्रेम करणारं मूल खरा भुंगा समोर आला की पुन्हा किंचाळणारच, कारण दोघांत त्याला काही साम्य दिसत नाही. खेळण्याने भीती घालवायची असेल तर खेळणं खऱ्यासारखं हवं. काळा रंग हवा, मोठे डोळे हवेत, केसाळ पाय हवेत. ज्याची भीती वाटते तेच मुलाच्या हातात मऊ होऊन आलं पाहिजे.

विणायची रीत सांगते. दोरा सुती घेते, ॲक्रिलिकची लोकर घेत नाही. ती प्लास्टिकच असते, आणि मुलं हे खेळणं मातीत, पाटाच्या पाण्यात नेणार हे ठरलेलं. सुई अडीच मिलीमीटरची, म्हणजे वीण घट्ट बसते आणि आतला कापूस बाहेर डोकावत नाही. सुरुवात पोटापासून. सरकगाठीच्या कड्यात सहा मुके खांब घालून दोरा ओढला की मधलं भोक बंद होतं. पुढच्या फेरीत प्रत्येक घरात दोन, म्हणजे बारा. मग एक घर सोडून एक वाढवत अठरा, मग चोवीस. तिथे वाढ थांबवून काही फेऱ्या साध्या, मग दोन-दोन घरं एकत्र घेत घटवत यायचं. तोंड बंद करण्याआधी कापूस भरायचा. हा कापूस मी सावरीचा वापरते. आमच्याकडे उशांत तोच भरायची पद्धत होती. तो हलका असतो आणि दाबला तरी पुन्हा फुगतो.

छाती वेगळी विणायची. खऱ्या भुंग्याचं पोट वरून गुळगुळीत चकचकीत असतं आणि छातीवर मखमली लव असते. हा फरक मला दोऱ्यातही आणायचा होता. छातीच्या फेऱ्यांवर दोऱ्याचे आखूड फास सोडते, ते कापते आणि जुन्या टूथब्रशने विंचरते. दोऱ्याचा पीळ सुटून लव तयार होते. मागच्या पायांवरही तसंच, पण तिथे काळ्यात पिवळ्या दोऱ्याचे तुकडे मिसळते, कारण भुंग्याच्या मागच्या पायांच्या केसांत पराग अडकलेले असतात. पंख चार. पुढची जोडी मोठी, मागची लहान. एकेरी काळ्या दोऱ्याबरोबर जांभळट निळा दोरा धरून जाळी विणायची, भाताच्या पेजेची खळ लावायची आणि सपाट ताणून वाळवायची. उजेडात भुंग्याच्या पंखांवर जी निळी-जांभळी झाक दिसते, ती यात थोडी उतरते. सहाही पाय आणि चारही पंख छातीलाच शिवायचे, पोटाला एकही नाही. शिकायला येणाऱ्या बायकांना हे सांगितल्यावर त्या आधी हसतात, मग उलटसुलट करून बघतात आणि मग आपापल्या मुलांना हेच ऐकवतात. डोळ्यांना मणी लावत नाही. लहान मूल तोडून गिळू शकतं. डोळे भरतकामाचे, डोक्याच्या दोन्ही बाजूंना लांबट आणि मोठे.

एक खेळणं पुरं व्हायला वेळ लागतो, आणि त्या वेळेचे पैसे विणणारीला मिळालेच पाहिजेत. स्वस्तात विका म्हणजे जास्त लोकांपर्यंत पोचेल, असा सल्ला मला पुष्कळांनी दिला. मी तो मानला नाही. वाडीतल्या फुकट कामगाराची बाजू मांडायची आणि त्यासाठी शेजारणीला फुकट राबवायचं, हे मला जमणार नाही. नाताळाच्या आणि गणपतीच्या आधी मागणी असते, तेव्हा हातांना काम मिळतं. कुणी गुलाबी भुंगा मागितला तर मी नाही म्हणून सांगते.

खेळण्यासोबत आम्ही वीतभर लांबीचा वाळलेल्या बांबूचा तुकडा देतो, एका बाजूला पेर बंद, दुसऱ्या बाजूला तोंड उघडं. त्यामागे एक जुनी तक्रार आहे. पहिल्यांदा मी भुंग्याची बाजू घेतली तेव्हा शेजारचे वाडीवाले काका म्हणाले, "पोरी, फळाचं सगळं खरं. पण तो माझ्या घराचे वासे पोखरतो, त्याचं काय?" तक्रार रास्त आहे. भुंगा लाकूड खात नाही, पण जबड्याने कोरून त्यात घर करतो. माउलींनी ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात भुंग्याचा दाखला दिला आहे, की कसलंही कोरडं लाकूड सहज कोरणारा हा जीव कोवळ्या कळीत मात्र अडकून पडतो. सातशे वर्षांमागे कुणीतरी भुंग्याला लाकडात शिरताना नीट निरखून पाहिलं होतं, हे वाचताना मला फार आनंद होतो. आत तो काय करतो, ते तर आणखी सुंदर आहे. मादी बोळाच्या तळाशी पराग आणि मध मिसळून गोळा करून ठेवते, त्यावर एकच अंडं घालते आणि लाकडाच्या भुशाचा पडदा घालून ती खोली बंद करते. मग पुढची खोली, पुढचा गोळा, पुढचं अंडं. राणी नाही, पोळं नाही, हजारोंचा थवा नाही. एकटी मादी आपल्या पोरांसाठी खोल्या बांधत असते. राखायला पोळंच नसल्यामुळे ती पोळ्यावरच्या माश्यांसारखी अंगावर येत नाही. तिला नांगी असते, पण मुठीत दाबल्याशिवाय ती सहसा वापरत नाही. आपल्या तोंडासमोर येऊन घिरट्या घालणारा, ज्याला लोक सगळ्यात जास्त घाबरतात, तो बहुतेक वेळा नर असतो, आणि नराला नांगीच नसते.

वाशांचा उपाय साधा आहे. रंग किंवा तेल दिलेलं लाकूड भुंगा टाळतो, उघडं वाळलेलं लाकूड आणि बांबू त्याला आवडतात. घराच्या वाशांना तेलाचा हात द्यावा आणि वाडीच्या कडेला, पाऊस लागणार नाही अशा जागी, त्याच्यासाठी वाळके बांबू आडवे बांधून ठेवावेत. काकांनी पडवीच्या मागे बांबूंची मोळी बांधली. तिच्यात भुंगे राहायला आले आणि खाली पिवळट भुसा पडायला लागला. तो भुसा ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात.

शाळेतल्या मुलांना हे सगळं नुसतं सांगून भागत नाही. एका शाळेत विज्ञानाच्या बाईंनी प्रयोगशाळेतला नादकाटा आणला. आम्ही वाडीतून नुकती उमललेली वांग्याची फुलं नेली होती. काळ्या पाटीवर फूल धरलं, नादकाटा रबरावर आपटला आणि त्याचं टोक परागकोशांना टेकवलं. पाटीवर फिकट पिवळी भुकटी पडली. वर्गात एकदम कल्ला झाला. प्रत्येकाला आपल्या हाताने करून बघायचं होतं. मग दोऱ्याचा भुंगा फुलाशी धरून मुलं तोंडाने झणझणाट करायला लागली. त्यानंतरच्या सुट्टीत एक मुलगी वाडीत मला भेटली, ती वांग्याच्या ओळीत उकिडवी बसून आवाज बदलतो तो क्षण पकडायचा प्रयत्न करत होती. कितीही तक्ते लावले असते तरी ती तिथे येऊन बसली नसती.

भुंग्यानंतर मी ढालकिडा विणला. तो विणायला सोपा, लाल अर्धगोल आणि काळे ठिपके. पण खरी गरज त्याच्या अळीची होती. ढालकिडा सगळ्यांना आवडतो, त्याची अळी मात्र काळपट, लांबट, नारिंगी ठिपक्यांची, अंगावर काटेरी उंचवटे असलेली. चवळीवर मावा पडला की ती तिथे फिरताना दिसते आणि लोक तिलाच कीड समजून औषध मारतात. ती आलेली असते मावा खायला. म्हणून मी ढालकिडा आणि अळी दोन्ही विणून साखळी टाक्याने एकमेकांना जोडते. एकाला हातात घेतलं की दुसरी आपोआप हातात येते.

असं मऊ हातकाम करून काय होणार, हे मला पुष्कळदा ऐकावं लागतं. तेव्हा मी आसामच्या पूर्णिमादेवी बर्मन यांचं उदाहरण देते. हरगिला हा तिथला मोठा करकोचा, टकल्या डोक्याचा, घाण खाणारा म्हणून लोक त्याला अशुभ मानायचे आणि त्याची घरटी असलेली झाडं तोडायचे. या बाईंनी गावच्या बायकांना एकत्र केलं. त्या बायका हातमागावर साड्या आणि गामोशांत हरगिल्याची चित्रं विणू लागल्या. आज त्याच गावांत तो पक्षी आपला मानला जातो, आणि २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी बर्मन यांना चॅम्पियन्स ऑफ द अर्थ हा पुरस्कार दिला. अमेरिकेत मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थाइम या बहिणींनी २००५ पासून क्रोशाने प्रवाळाची बेटं विणायला घेतली, मरत चाललेल्या प्रवाळांकडे लोकांचं लक्ष जावं म्हणून. आमच्या खाडीपलीकडे, ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर ओवळ्याला राजेंद्र ओवळेकर यांनी घरच्या जमिनीवर फुलपाखरांची बाग केली, अळ्यांना लागणारी झाडं लावली, फुलपाखरं आपणहून आली. महाराष्ट्राने २०१५ मध्ये नीलवंत हे राज्याचं फुलपाखरू ठरवलं. त्याच्या अळीला लिंबाच्या कुळातली पानं लागतात, म्हणजे दारातलं लिंबाचं झाड पुरतं. फुलपाखराला असे चाहते मिळतात. भुंग्याला फारसे मिळत नाहीत, म्हणून मी त्याच्यामागे जास्त लागले.

औषधफवारणीचा प्रश्न खेळण्याने सुटत नाही, हे मला माहीत आहे. ज्याचं घर वांग्याच्या पैशावर चालतं त्याला शेंडा पोखरणारी अळी दिसली की तो पंप उचलणार, आणि त्याला दोष देणं मला पटत नाही. पण इमिडाक्लोप्रिडसारखं जे औषध युरोपीय संघाने माश्यांच्या काळजीने २०१८ मध्ये उघड्या शेतात बंद केलं, ते आपल्याकडे दुकानात सहज मिळतं, आणि ते फुलातल्या परागांत आणि मधातही उतरतं. निदान वेळ तरी बघता येते. वांगी, काकडी, लाल भोपळा यांच्या फुलांवर वर्दळ सकाळची असते. दुधी आणि पडवळाची पांढरी फुलं संध्याकाळनंतर उमलतात आणि त्यांच्याकडे पतंग येतात. म्हणून वांग्याला चालणारी संध्याकाळची वेळ मांडवाला चालत नाही. काकांनी आता दोन्हीच्या वेळा वेगळ्या केल्या आहेत, आणि मांडवावर शक्यतो निंबोळी अर्कच मारतात. त्यांच्या नातवाच्या दप्तराला आमचा भुंगा लटकलेला असतो. या दोन गोष्टींचा संबंध आहे की नाही ते मी त्यांना विचारलेलं नाही.

निळ्या पट्ट्यांची माशी अजून विणायची राहिली आहे. ती जमिनीत किंवा मातीच्या भिंतीत घर करते, आणि तिचे नर रात्री वाळक्या काडीला जबड्याने पकडून ओळीने झोपतात. सगळ्या वाडीला फरशी आणि काँक्रीट झालं, काड्या उपटून जाळल्या, तर तिला राहायला जागा उरत नाही. तिच्या पोटावरच्या निळ्या पट्ट्यांसाठी मनासारखा दोरा मिळाला की तिला हात घालीन.

तुमच्याकडे वाडी असेल, परसदार असेल किंवा नुसती गॅलरी असेल, तर एवढं करा. वांग्याचं एक रोप लावा. फूल उमललेलं असताना त्यावर काहीही फवारू नका. मांडवाचे जुने बांबू जाळू नका, वीत-दोन विती कापून, मोळी करून, पावसापासून आडोशाला आडवे बांधून ठेवा. कोपऱ्यात हातभर जमीन उघडी राहू द्या. घरातल्या मुलांच्या हातातली रॅकेट काढून घ्या आणि त्यांना वांग्याच्या ओळीत सकाळी नेऊन बसवा.